उसना बाळंतविडा

“बाळासाठी काय काय तयारी केली आहे?” असं त्या बाईने विचारलं आणि मी म्हटलं, “काहीच नाही.”

ठणकावून म्हटलं. फोनच्या पडद्यावर दोन चौकोन होते. एकात ती, आयर्लंडमधली समाजसेविका, गळ्यात निळा स्कार्फ, हातात पेन. दुसऱ्यात माझा मुलगा. ती इंग्रजीत विचारायची, तो मला मराठीत सांगायचा, आणि माझं उत्तर पुन्हा इंग्रजीत करून तिला द्यायचा. मुलगा आणि सून बरीच वर्षं तिकडे आहेत. सून तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. दोघांनी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. हे दोघं आईबाप व्हायला लायक आहेत हे आधी तिकडच्या सरकारला पटायला हवं होतं, आणि तसा अहवाल लिहायचं काम या बाईकडे होतं. मूल हातात आल्यावर त्याचा पासपोर्ट होईपर्यंत सगळे आमच्याच घरी राहणार होते, बोळिंजच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. म्हणून तिला आमचं घर बघायचं होतं.

“टोपडंसुद्धा घेतलेलं नाही,” मी म्हटलं. “खोली बघायचीय? बघा.” फोन उचलून मी मागच्या खोलीत गेले आणि चारी भिंतींवरून तो फिरवला. झाडलेली फरशी, एक खिडकी, बाकी काही नाही. घरात माल ठेवायला जागा पुरत नसताना मी ती खोली रिकामी ठेवली होती. मला तिचा अभिमान वाटत होता.

मुलाने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. बाईने मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, खूश झाली.

मी सुकेळीवाली. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, मधासारखी झाली की सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या सुकलेल्या सालीत बांधायची, हा आमच्या वसईकडचा जुना धंदा. आता करणारे थोडे उरलेत, त्यातली मी एक. मी त्यात पडले ती हौसेने नाही. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या दिरांनी गोड्या विहिरीची वाडी स्वतःकडे ठेवली आणि आम्हाला खाडीकडचं खाजण दिलं. उधाणाचं पाणी आत यायचं, गुरंसुद्धा तिथलं गवत सोडून द्यायची. आमचे हे तेव्हा गोखिवऱ्याला एका कंपनीत कामाला. भांडायचा यांचा स्वभाव नाही, भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. मी भांडले. तेव्हा भावोजी चार लोकांसमोर म्हणाले, “खाऱ्या जमिनीत खारंच उगवतं, धाकटे. तू कितीही बोंबल.”

त्या खाजणावर सावलीला एक झाड नव्हतं. सावली नाही म्हणून तिथे काही पिकत नाही, हे भावोजींचं म्हणणं. सावली नाही म्हणून सुकतं चांगलं, हे माझं. बांध घातला, भराव केला, मांडव टाकले, दुसऱ्यांच्या वाडीतली केळी घडाच्या भावाने घेऊन सुकवायला लागले. आज माझा माल आगाशीपासून पार्ल्यापर्यंत जातो, आणि माझ्याशी घासाघीस करून हसत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता त्या रिकाम्या खोलीचं सांगते.

मुलाचं लग्न झालं तेव्हा ती दोघं वसईतच एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहत होती. सुनेला पहिल्यांदा दिवस गेले. सहावा महिना सरत आला तसा भावोजींनी घराण्याचा पाळणा टेम्पोत घालून, वाजतगाजत, तिच्या फ्लॅटवर पाठवला. मी म्हटलं, मूल जन्माला यायच्या आधी पाळणा नको, आपल्यात आणत नाहीत. ते हसले. “तू कधीपासून देवाला घाबरायला लागलीस?” पुढच्या आठवड्यात सगळं संपलं. सून हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा पाळणा हॉलच्या मधोमध उभा होता. तो मीच उचलला, मीच टेम्पो केला, मीच मोठ्या घरी परत नेला. तो उतरवून घेताना भावोजी दारात म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलेलं. खाऱ्या जमिनीत खारंच.”

जमिनीबद्दल म्हटलं होतं तेव्हा मी उलट बोलले होते. या वेळी बोलले नाही. आजवर उत्तर दिलेलं नाही असं ते एकच वाक्य आहे.

त्यानंतर सुनेला आणखी दोनदा दिवस गेले. आम्ही काही घेतलं नाही, कोणाला सांगितलं नाही, तरी राहिले नाहीत. तेव्हा आधी न घेतल्याने मूल वाचतंच असं नाही, एवढं मलाही कळतं. पण भरलेलं घर रिकामं करणं काय असतं ते मी एकदा केलं आहे. ज्याच्या येण्याची फार वाट बघतोय, त्याच्यासाठी सुईसुद्धा आधी आणायची नाही, जागा करून ठेवायची आणि गप्प बसायचं. आमच्याकडे श्रद्धा म्हणतात ती ही.

प्रत्येकाची रीत वेगळी. आमचे हे रोज संध्याकाळी गावदेवीला दिवा लावून येतात. काय मागतात ते कधी सांगत नाहीत, मी विचारत नाही. सुनेने तिकडे केळं सोडलं होतं, मूल मांडीवर येईपर्यंत खायचं नाही म्हणून. सुकेळीवालीच्या सुनेने. माझा देवीशी सरळ व्यवहार आहे. माल आधी, नारळ मग. तिला मी स्पष्ट सांगितलं होतं, “मूल दारात आलं की दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन हजर होते. तोवर माझ्याकडून फुलाची अपेक्षा करू नकोस.” पुजारी म्हणाला, देवीशी असं बोलतात का. मी म्हटलं, उधार माल घेऊन पळणारी गिऱ्हाइकं तिनेही पुष्कळ बघितली असतील, तिला माझा दर पटेल.

तर तो फोन झाला आणि दोन दिवसांनी दुपारी मुलाचा पुन्हा आला.

“आई, ती बाई काळजीत आहे,” तो म्हणाला. “तिला वाटतंय तुम्हाला हे मूल नकोय.”

“कोण म्हणालं?”

“तूच म्हणालीस. काही घेतलं नाही म्हणालीस. रिकामी खोली दाखवलीस. वर हसत होतीस.”

“हसू नको तर काय रडू?”

“तिच्या दृष्टीने तयारी म्हणजे मूल हवंय. तयारी नाही म्हणजे घरच्यांचा विरोध आहे. ती अहवाल थांबवून बसलीय. तुझ्याशी पुन्हा बोलणार आहे, त्यावर सगळं आहे. मी एक छोटा पलंग ऑर्डर करतो, दोन बाहुल्या, एक चादर. परवा येतील. खोलीत मांड आणि फोटो पाठव.”

“नाही.”

“आई, एक फोटो.”

“दारात आलेला पलंग मी आत घेणार नाही. आलेल्या माणसाला पायरीवरूनच परत पाठवीन.”

मग तो चिडला. त्याचा राग माझाच आहे, त्यामुळे मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. म्हणाला, तुझ्या असल्या समजुतींपायी माझं मूल अनाथाश्रमातच राहील. मी म्हटलं, तुझं मूल असेल तर ते पलंगाच्या फोटोवर येणार नाही. म्हणाला, येतं, आई, या जगात फोटोवरच येतं. यावर मी आवाज आणखी चढवला.

मधेच सुनेचा चेहरा आला. तिने त्याच्या हातून फोन घेतला होता.

“आई, मी पण काही घेतलेलं नाही,” ती म्हणाली. “इथे आमच्याकडे ती आली होती ना, तिला मुलाची खोली दाखवली. कपाट उघडून दाखवलं. हँगरसुद्धा नव्हता आत.”

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“सांगितलं, अजून बघतोय काय घ्यायचं ते. खरं सांगायला जीभ वळली नाही. ती हसेल असं वाटलं.”

म्हणजे त्या बाईने दोन देशांत दोन रिकाम्या खोल्या बघितल्या होत्या. मी क्षणभर तिच्या खुर्चीत बसून बघितलं, तर मलाही हा व्यवहार संशयाचा वाटला असता. पण पलंग घ्यायचा नाही म्हणजे नाही, यावर आम्ही सासूसुना एक होतो. मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

वाट सापडली ती शेजारणीमुळे. ती कुपारी, ख्रिस्ती घरातली, आमच्या मागच्या आळीत राहते. मी नवी आले तेव्हापासून आमचं भांडण आणि प्रेम दोन्ही चालू आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुझी देवी ऐकत नसेल तर मी आमच्या मायला सांगते. नोवेना करते, नऊ दिवस. तिला पोरांचं कळतं.”

“माझ्या देवीला सगळं कळतं. अडलंय ते त्या बाईकडे.”

“मग इकत नको घेऊ. माग की,” ती म्हणाली. “माझ्या पोराला पयलं अंगडं तू दिलेलं, इसरलीस? तुझ्या पोराचं जुनं.”

आणि मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे जन्मल्या मुलाला नवं कापड घालतच नाहीत. ज्या घरची पोरं धडधाकट वाढली, त्या घरचं जुनं मागून आणून घालतात. नवं अंगाला लागायचं ते बारशानंतर. मागून आणलेलं काही विकत घेतलेलं नसतं. ते माझं नाही, ते मी आणलंच नाही, ते फक्त माझ्याकडे आहे. असल्या बारीक फटीतून बाहेर पडायचं कसं हे मला धंद्याने शिकवलं आहे, फक्त इथे ते सुचायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दारोदार फिरले. शेजारणीने तिच्या नातवाची लाकडी खुर्ची दिली आणि एक विणलेला स्वेटर. माझा माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याने तीन चाकांची सायकल दिली, घंटी नसलेली. तळकोकणातून येऊन आमच्या आळीत भाड्याने राहणाऱ्या एका बाईने फ्रॉक दिला, तिच्या लेकीला दम्याचा त्रास होता म्हणून ती देताना बिचकली. मी म्हटलं, “तुझी लेक दमा असून तीन जिने धावत चढते. दे.” टोपडी, लंगोट, दुपटी, एक खुळखुळा. मूल चार वर्षांपर्यंत कितीही मोठं असू शकतं असं मुलाने दहा वेळा सांगितलं होतं. पण घरात येणारं पोर म्हणजे ओंजळीएवढं, हे डोक्यातून जात नव्हतं.

“मोठ्या घरचं झबलं नको का?” शेजारीण म्हणाली.

हवं होतं. मोठ्या घरी एक मलमलचं झबलं आहे, कधीचं ते कोणाला ठाऊक नाही, पिवळं पडलेलं. घराण्यातल्या प्रत्येक मुलाला बारशाला ते घालतात. माझ्या मुलानेही घातलं होतं. पाळणा परत दिल्यापासून मी त्या घराची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी चढले.

भावोजी ओटीवर बिल्डरचा नकाशा पसरून बसले होते. गोड्या विहिरीच्या वाडीवर आता इमारती होणार होत्या. पण इमारतीला रुंद रस्ता लागतो, आणि रस्ता जायला जागा होती ती फक्त माझ्या खाजणाच्या कडेने. ज्या जमिनीत खारंच उगवतं तिची पट्टी त्यांना आता हवी होती. सहीसाठी निरोप येत होते, मी ते ऐकून घेत होते आणि चहा पाजून परत पाठवत होते.

“ये, धाकटे. बस. पानी घे,” ते म्हणाले. “सही द्यायला आलीस?”

“झबलं मागायला आले.”

जाऊबाई आतून ऐकत होत्या. त्या उठून पेटीकडे निघाल्या. भावोजी तिकडे न बघता म्हणाले, “बस तू.” मग मला म्हणाले, “ते घरच्या पोरांचं हाय. घरच्या रक्ताचं. हे येनारं पोर कोनाचं, कुठलं, काय ठावं हाय?”

“जी पोरं कोनाची ते ठावं हाय, त्यांनी काय दिवे लावले ते गावाला ठावं हाय, भावोजी.”

ते हसले. “तोंड हाय तसंच हाय तुझं.” नकाशाची घडी घातली, माझ्या बाजूला सरकवली. “बघ, मी काय वाईट मानूस नाय. तू रस्ता दे, झबलं ने. झबलंच काय, पाळनापन ने.”

खोटं सांगणार नाही, मी हिशेब केला. सही मी पुढेमागे देणारच होते, चांगला भाव येईपर्यंत अडवून धरली होती इतकंच. दुसरा कोणी असता तर मी तिथल्या तिथे पाळणा, झबलं आणि वर विहिरीचं पाणी मागून घेतलं असतं. पण पाळणा हा शब्द त्यांनी सहज काढला, पोत्याच्या वर एक शेर जास्त टाकावा तसा.

“पाळना मी एकदा परत आनून दिलाय,” मी म्हटलं. “तुम्ही दारात काय बोललात ते माझ्या पाठ हाय. माझी नात रस्त्याच्या बदल्यात नाय येनार या घरात.”

“नात? मुलगीच हे पन ठरलं?”

मी कधी ठरवलं मलाही माहीत नव्हतं. तोंडातून गेलं होतं. आतून जाऊबाई हळूच म्हणाल्या, “नातच येवू दे.” मी पायरी उतरले.

दुसऱ्या फोनच्या दिवशी मी सगळं मागच्या खोलीत मांडलं. झबल्याची जागा रिकामी ठेवली, मुद्दाम. बाई पडद्यावर आली, मी फोन फिरवला. खुर्ची, सायकल, फ्रॉक, टोपडी. ती खुलली. “किती छान तयारी,” असं म्हणाली असं मुलाने सांगितलं.

“तिला सांग, यातलं एकही माझं नाही,” मी म्हटलं.

“आई, राहू दे ना. तिला आवडलंय.”

“सांग.”

त्याने सांगितलं. बाईच्या कपाळावर आठी आली. मग मी एकेक वस्तू उचलून सांगत गेले. ही खुर्ची या घरची, या घरचं पोर आता दहावीत आहे. हा फ्रॉक त्या मुलीचा, ती जिने चढते. हे सगळं परत जायचं आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी पोराला लागेल. आमच्याकडे मुलासाठी आधी विकत काही आणत नाहीत, आणि या दोघांच्या घरी एकदा आलेला पाळणा मी माझ्या हाताने परत नेलाय. रिकामी खोली नको म्हणून नव्हती, फार हवं म्हणून होती. मुलगा सांगत होता, मधेच थांबत होता. पाळण्याच्या ठिकाणी तो बराच थांबला. मग सुनेनेच ते वाक्य इंग्रजीत पुरं केलं.

बाईने पेन खाली ठेवलं. तिने जे सांगितलं ते असं. तिच्या आजीने बाळ जन्माला येईपर्यंत बाबागाडी घरात येऊ दिली नव्हती. पैसे देऊन दुकानातच ठेवली होती. त्यांच्या गावाकडे सगळेच तसं करायचे.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं डोकं फिरलं.

“म्हणजे हिला माहीत होतं,” मी म्हटलं. “माहीत असून हिने माझ्या खोलीवरून माझं माप काढलं? विचार तिला.”

“आई, पुरे.”

“विचार म्हणते ना.”

त्याने काय विचारलं देव जाणे, अर्धं गिळलंच असणार. पण बाई म्हणाली, “मी ‘का’ असं विचारायला हवं होतं.”

“पुढच्या घरी विचार म्हणावं,” मी म्हटलं. हे त्याने जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण ती हसली.

मंजुरी आली. आमचे हे म्हणाले, नारळ देऊन येऊ या का? मी म्हटलं, मंजुरी म्हणजे माल नव्हे. पुढे दिल्लीचे कागद, मग नाव यायची वाट, मग एके दिवशी फोटो. विदर्भातल्या एका संस्थेतली मुलगी, तीन वर्षांची होत आलेली, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कोणाकडे तरी रागाने बघणारी. तो राग बघून मला ती पटली. त्यानंतरही परवानग्या आणि हुकूम यांची इतकी लांबण लागली की देवीला मी दोनदा जाऊन सुनावलं. हे मात्र दिवा लावून येत राहिले. एकदा पावसात भिजून आले तेव्हा मी म्हटलं, एक दिवस नाही गेलात तर काय होणार होतं? म्हणाले, “तिला वाटलं असतं आपलं मन बदललं.” मग मी ओरडणं सोडलं.

ती आली. मुलगा आणि सून तिला घेऊन दुपारी गाडीतून उतरले. तिच्या हातात कापडी पिशवी, ती कोणाला धरू देत नव्हती. उंच, काटक पोर. मी हातात टोपडं घेऊन दारात उभी होते. शेजारीण म्हणाली, “ते तिच्या गुडघ्याला घाल.” सगळे हसले, पोर सोडून. ती सरळ मागच्या खोलीत गेली, लाकडी खुर्ची ओढत ओढत दारापर्यंत आणली आणि तिच्यावर बसून आम्हा सगळ्यांना बघायला लागली. सुनेने त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून एक सुकेळं खाल्लं. सावकाश, बोटं चाटून.

दुसऱ्या दिवशी नारळ. आमच्याकडे घरात आलेल्या मुलाचं नाव देवीला घरातला थोरला सांगतो, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. पुजाऱ्याने इकडेतिकडे बघितलं. “थोरले नाही आले?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, “आम्ही आलोय ना.” आणि यांनी नाव घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या बायकांनी मान वळवून बघितलं. मी नारळ फोडला, आणि देवीला म्हटलं, व्यवहार पुरा.

भावोजी आले ते आठवड्याभराने. बिल्डर घाई करत असणार. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, खिशात कागद. मागे जाऊबाई. पोर जमिनीवर बसून पेल्यातून पाणी पीत होती. भावोजींनी पुडकं उघडलं, झबलं काढलं आणि तिच्या शेजारी चटईवर ठेवलं. “घे, धाकटे. तुझंच खरं. आता सही कर.”

मी झबल्याकडे बघितलं, मग पोरीकडे. ते तिच्या एका हातातसुद्धा चढलं नसतं. ज्यासाठी आम्ही ओटीवर रक्ताच्या नात्यापर्यंत गेलो, ते एखाद्या बाहुलीला बसलं असतं, आणि हे आम्हा दोघांपैकी एकालाही आधी सुचलं नव्हतं. जाऊबाईंच्या ते माझ्याबरोबरच लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात पोरीच्या हातून पेला कलंडला. पाणी फरशीवर पसरलं. ती दचकली, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि शेजारी पडलेलं मऊ जुनं कापड उचलून भराभरा फरशी पुसायला लागली. संस्थेत तशी सवय असणार. आपण सांडलं तर आपण पुसायचं. कोपऱ्यातलं पाणीसुद्धा तिने सोडलं नाही. पिळून, चौकोनी घडी घालून ते झबलं तिने भावोजींच्या पायाशी परत ठेवलं.

भावोजी लाल झाले. “अगं, ते काय...”

“ओरडायचं नाही,” मी म्हटलं. “तिच्यावर कोणी ओरडायचं नाही या घरात. मी सोडून.”

“घराण्याचं झबलं हाय ते.”

“मग घराण्याच्या पोरीने वापरलं. दुसरं कोनी वापरलं असतं तर बोलला असतात.”

जाऊबाई हसल्या. उघड, आवाज करून. भावोजींनी त्यांच्याकडे बघितलं, कागद खिशातून अर्धा काढला होता तो परत आत घातला आणि झबल्यासाठी हात पुढे केला. मी ते आधी उचललं होतं.

“ओलं हाय,” मी म्हटलं. “धुवून, वाळवून देते.”

धुतलं. वाळवलं तेही सुकेळ्यांच्या मांडवाच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल असं. मग कपाटात ठेवलं. पासपोर्ट झाला, ती तिघं गेली, बाळंतविडा ज्याचा त्याला परत केला. फक्त झबलं अजून माझ्याकडे आहे. भावोजींनी दोनदा माणूस पाठवला. मी निरोप दिला आहे: स्वतः या. पोरगी रविवारी फोनवर असते. तिला नावाने हाक मारा आणि विचारा, माझं झबलं देतेस का? ती हो म्हणाली तर झबलं घेऊन जा, मग रस्त्याचंही बोलू. बोलू म्हटलंय, देऊ म्हटलेलं नाही.

सून सांगते, सध्या ती प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणते. मी काही शिकवलेलं नाही.